निळ्या नखांचा जामीन

राजाचं आज्ञापत्र वाचून संपलं तेव्हा आल्डरविकच्या चर्चमध्ये दीडशे माणसं होती आणि एकालाही खोकला येईना. एरवी जानेवारीत पाद्रीबाबांचं अर्धं प्रवचन खोकल्यात वाहून जातं. आज सगळ्यांच्या छात्या एकदम बऱ्या झाल्या होत्या. खोकलं तर सरकारी बेलीफची नजर आपल्याकडे वळायची, आणि वळली की नाव विचारायची, ही भीती सगळ्यांना सारखीच होती.

पत्रातला मजकूर थोडकाच होता. गावानं आपल्यातली दोन शहाणी, सचोटीची, कायद्यानं वागणारी माणसं निवडावीत आणि सेंट हिलरीच्या सणानंतरच्या आठव्या दिवशी लंडनला हजर करावीत. तिथं बिशप, सरदार आणि परगण्यांचे नाइट यांच्याबरोबर बसून त्यांनी राज्याच्या भल्याचा विचार करावा. खाली राजाची मोहोर.

मोहोर राजाची असली तरी हात कोणाचा, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. मे महिन्यात लुईसच्या टेकडीवर लेस्टरच्या अर्लनं, एका बड्या सरदारानं, राजाला हरवलं, पकडलं, आणि तेव्हापासून राजा अर्ल सांगेल त्याच कागदावर मोहोर उठवत होता. राणी समुद्रापलीकडे फौज जमवते आहे, अशी बातमी दर बाजारच्या दिवशी नवी होऊन येई. म्हणजे आज जो अर्लच्या बोलावण्याला ओ देईल, त्याचं नाव उद्या राजा सुटला की कुठल्या यादीत जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

हॅमो पुढच्या बाकावर, व्यापारी मंडळाच्या माणसांत बसला होता. सवयीनं त्यानं आपली नखं पाहिली. स्वच्छ होती. सोळा वर्षं ती स्वच्छच होती, तरी तो दिवसातून दहादा पाही. मंडळाचा नियमच तसा होता: ज्याची नखं निळी, त्याला मंडळात जागा नाही. रंगारी कितीही सुखवस्तू असो, स्वतःच्या हातानं कापड बुडवतो तोवर तो मागं, थंड फरशीवर उभा राहणार. मंडळात यायचं तर सगळ्यांसमोर शपथ घ्यायची, की आजपासून रंगाच्या कुंडात हात घालणार नाही. मग मंडळाचे मुख्य त्याचा कापड ढवळायचा दांडा गुडघ्यावर मोडत. हॅमोचा दांडा त्याच्या सासऱ्यांनी, सिवलनीच, मोडला होता. म्हाताऱ्या बापाची इच्छा होती की दोन मुलांपैकी एकानं तरी बाकावर बसावं. थोरला म्हणून हॅमो बसला. धाकटा थर्स्टन कुंडाशी राहिला, आणि थोरली बहीण अव्हिस विधवा होऊन परत आली ती त्याच्याबरोबर राबू लागली.

"तर मग," बेलीफ म्हणाला, "कोण जातं?"

मंडळींना एकेक दुखणी आठवू लागली. एकाचा संधिवात उसळला होता. दुसऱ्याला घोडा मानवत नव्हता. तिसरा म्हणाला, बायकोचे दिवस भरत आलेत, त्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, तिला नात झाली गेल्या वर्षी!" आणि सगळं चर्च हसलं. शेवटी पाववाला फुल्क उठला. मंडळातला सगळ्यात जाडा आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस.

"मी जातो. माझा मेहुणा जामीन राहील. लंडनचा पाव कसला असतो ते तरी बघून येईन. पण एकटा नाही जाणार बरं का! दुसरा द्या."

तेव्हा सिवल उभे राहिले. लोकरीचे व्यापारी, मंडळाचे मुख्य, गावातला एकुलता एक फरचा झगा त्यांचा. आवाज मधाळ.

"मी एक नाव सुचवतो. सचोटीचा माणूस, सगळ्यांचा आवडता. थर्स्टन रंगारी."

मागच्या गर्दीतून असा काही जल्लोष उठला की छपरातली कबुतरं उडाली. हॅमोलाही क्षणभर छातीत ऊब दाटल्यासारखं झालं. आपला थर्स्टन! मग त्यानं सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती ऊब गेली. घोड्याचे दात तपासून झाल्यावर सिवल असेच हसत.

"पण त्याची नखं!" बाकावरून कोणीतरी म्हणालं.

"पत्रात नखांबद्दल काही लिहिलंय का?" सिवलनी कारकुनाला विचारलं. कारकुनानं मान हलवली. "झालं तर."

थर्स्टनला कामावरून बोलावून आणलं. तो आला तो बाह्या वर सरकवलेल्या, कोपरापर्यंत हात निळे, आणि बरोबर कुंडाचा तो वास, सडलेल्या पानांचा आणि शिळ्या मुताचा. लोकांनी वाट करून दिली ती अर्धी मानानं आणि अर्धी नाक धरून. काय झालंय ते त्यानं ऐकून घेतलं. डोकं खाजवलं. कपाळावर निळी रेघ उमटली.

"ते पत्र परत वाचता का?" तो कारकुनाला म्हणाला. "सावकाश. मी शिकलेला नाही."

कारकुनानं परत वाचलं.

"'विचार करायला' असंच लिहिलंय ना? 'हुकूम ऐकायला' नाही ना?"

"विचार करायला."

"कोणाबरोबर म्हणालात?"

"बिशप, सरदार, नाइट."

"आणि आम्ही."

"आणि तुम्ही," कारकून म्हणाला, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं असावं, कारण त्यानं कागद खाली घेऊन एकदा नीट पाहिला.

"मग जातो," थर्स्टन म्हणाला.

बेलीफनं जाहीर केलं, की संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा संपायच्या आत प्रत्येक माणसामागे मंडळातला एक जामीन हवा. निवडलेला माणूस लंडनला पोचला नाही, तर जामीनदाराचं घर, गुरं, माल सगळं सरकारजमा.

पायऱ्यांवर सिवलनी जावयाचा दंड धरला.

"जावईबापू, घरी जा. आज थंडी आहे. बदक खा, झोप काढा."

"मामा, थर्स्टनला जामीन कोण राहणार? मंडळात त्याचं माझ्याशिवाय कोण आहे?"

"कोणी नाही. तेच तर." सिवलनी आवाज उतरवला. "घंटा झाली, जामीन मिळाला नाही, तर बेलीफ काय लिहील? 'गावानं माणूस निवडला, पण जामीन मिळाला नाही.' फुल्कही मग घरी बसेल, एकट्यानं जायची त्याची छाती नाही. अर्ल टिकला तर आपण माणूस निवडला होता. राजा सुटला तर आपण कोणाला पाठवलं नव्हतं. सापही मेला, काठीही शाबूत."

"आणि माझा भाऊ?"

"तुमचा भाऊ दिवसभर मोठा माणूस होऊन मिरवेल आणि उद्या परत कुंडाशी जाईल. त्याचं काय बिघडलं?"

सिवल वाईट माणूस नव्हते. गाव लुटलं जाऊ नये असंच त्यांना मनापासून वाटे, आणि त्यांचं कोठार गावातच असल्यामुळे ते वाटणं जास्तच मनापासून होई.

*

तीन राजांच्या सणाचं बदक अर्धं उरलं होतं. हॅमोच्या बायकोनं, हविसनं, ते परत शेगडीवर ठेवून चरबी सुटेपर्यंत तापवलं होतं. दरवर्षी सणाच्या दुसऱ्या दिवशी तिघं भावंडं हॅमोकडे जेवत. गेल्या वर्षी या टेबलाशी थर्स्टनचा मुलगा जॉर्डनही होता. एकोणीस वर्षांचा. मे महिन्यात पांढरा क्रूस छातीवर शिवून तो अर्लच्या फौजेबरोबर लुईसला गेला आणि तिथंच राहिला. त्याची जागा आज कोणी घेतली नव्हती. तिथं पावाची टोपली ठेवली होती.

"हे काय चाललंय?" अव्हिसनं बसता बसताच सुरुवात केली. साठीची, खरखरीत, निळ्या हातांची बाई. दोघा भावांना तिनं कडेवर खेळवलं होतं आणि अजून त्यांना उतरवलं नव्हतं. "लंडन? लंडनला जायला तुला भूत लागलंय का रे?"

"बोलावलंय, ताई."

"मरणही बोलावतं. जातोस का लगेच? एक गेला, परत आला नाही. आता तू चाललास. आणि कुंड? ते काय वहिनीचं मांजर आहे, दारात दूध ठेवलं की झालं? रोज दोनदा ऊन करावं लागतं, ढवळावं लागतं, नाहीतर आंबायचं थांबतं. माझं मनगट गेलंय. दांड्याचं दुसरं टोक कोण धरणार?"

"महिनाभर बंद ठेवू."

"मग मेलंच म्हणून समज कुंड! मेलेलं कुंड परत उठवायला ईस्टर उजाडेल!"

हॅमोला बरं वाटलं. आपल्याला जे बोलायचं होतं ते ताईच बोलत होती, आणि ताईशी वाद घालायची कोणाची प्राज्ञा नव्हती. त्यानं हळूच आपलं वजन त्या पारड्यात टाकलं. "ताईचं खरं आहे, थर्स्टन. शिवाय या अर्लचा भरवसा काय? स्वतः फ्रान्सहून आलेला, गर्विष्ठ माणूस. निम्मे सरदार आत्ताच त्याला सोडून चाललेत. कापणीपर्यंत टिकतो की नाही."

"नसेल टिकत," थर्स्टन म्हणाला आणि बदकाची तंगडी उचलली.

"मग?"

"दादा, मी अर्लसाठी नाही चाललो. माणूस मोठा आहे, त्यात शंका नाही. राजाला पकडल्यावर दुसरा कोणी असता तर स्वतः सिंहासनावर टेकला असता. यानं काय केलं? पाववाल्याला बोलावणं धाडलं!" तो हसला. "पण अर्ल काय, आज आहे, उद्या नाही. मला एवढंच कळतं. आजवर कर लागला तेव्हा कोणी विचारलं? लढाईला पोरं नेली तेव्हा विचारलं? बैल विकताना बैलाला कोण विचारतं! आणि आज पहिल्यांदा राजाच्या मोहोरेनं कागद आलाय, की या, बसा, विचार करू. मी तिथं तोंड नाही उघडणार कदाचित. मला त्यांची भाषाही येत नाही धड. पण मी तिथं असेन. शेतातून पहिला माणूस जातो तेव्हा गवत नुसतं आडवं होतं. दुसरा जातो, तिसरा जातो. मग म्हणतात, इथं वाट आहे."

"आणि पहिल्याला शेतमालक कुत्रं सोडतो," अव्हिस म्हणाली. पण तिचा आवाज उतरला होता.

"सोडतो कधी कधी."

"जॉर्डनसाठी चाललायस ना तू?" तिनं एकदम विचारलं.

थर्स्टननं पावाच्या टोपलीकडे पाहिलं.

"त्याला मी विचारलं होतं, कशाला जातोस म्हणून. म्हणाला, बाबा, ते लोक म्हणतात आपल्यालाही विचारणार पुढं. मी त्याला वेड्यात काढलं. शेवटचं बोलणं तेच झालं आमचं." त्यानं टोपली सरळ केली. "आता विचारायला आलेत, आणि मी कुंड ढवळतोय म्हणून नाही आलो, असं कळवू?"

अव्हिसनं नाक ओढलं आणि आपल्या ताटातला चांगला तुकडा त्याच्या ताटात टाकला. तिची बाजू बदलली ती अशी. तिच्या रागाची आणि मायेची वाट एकच होती, फक्त येणं-जाणं वेगळं.

आता पारड्यात हॅमो एकटाच उरला. त्याला ते सहन होईना. "अरे, तुला फसवलंय त्यांनी!" तो ओरडलाच. "मामांनीच तुझं नाव सुचवलं ते तुला जामीन मिळणार नाही म्हणून! सगळं नाटक आहे!"

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"दादा, सिवल माझं कौतुक करायला लागले की मी आधी कमरेची थैली चाचपतो." थर्स्टन शांतपणे हाड चोखत होता. "बाकावरच्यांनी खोटं निवडलं. पण मागं जे उभे होते ना, ते खरं ओरडले. ते सगळे विणकर, चांभार, धनगर. त्यांना कुठं माहीत हे नाटक आहे म्हणून? दीडशेतल्या सव्वाशेनी मला खरोखर निवडलंय. आता बाकीच्यांनी चेष्टेत निवडलं म्हणून मी त्यांचं खोटं ठरवू?"

"मग माझ्याकडे का नाही मागत? जामीन राहा म्हणून?"

"घर तुझं, वहिनीचं. सोळा वर्षं शपथ पाळून मिळवलेलं. ते मी मागायचं नसतं." त्यानं हात पुसले. "चला, ताई. कापड कुंडात आहे. वहिनी, बदक झकास झालं होतं."

ती दोघं गेली. हॅमोनं पेला पुढं केला. हविसनं बियरची सुरई उचलली आणि तशीच धरून उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "आणखी नका पिऊ."

"का?"

"बाबांनी काल सांगून ठेवलंय मला. जाडी बियर काढ, बदक भरपूर वाढ, दुपारी झोपले की घंटेपर्यंत उठवू नकोस." तिचे कान लाल झाले होते. "मला वाटलं आपल्याच भल्याचं आहे. घर वाचेल. मुलींची लग्नं व्हायचीत. मगापासून मी तुम्हाला वाढतेय. आणि भाऊजी समोर बसून म्हणाले, वहिनी, बदक झकास झालं होतं."

हॅमोनं पेला खाली ठेवला. पंधरा वर्षांत बापाविरुद्ध एक शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता.

"घर जाऊ शकतं, हविस. थर्स्टन वाटेत आजारी पडला, नदीला पूर आला, तरी जाऊ शकतं."

"भाऊजी रांगत जातील लंडनला. तुम्हाला माहीत नाही का ते?"

माहीत होतं. जगात एकच गोष्ट हॅमोला बिनचूक माहीत होती, ती ही, की थर्स्टननं जातो म्हटलं की तो जातो. सोळा वर्षांपूर्वी बापानं बाकासाठी थोरल्याचं नाव घेतलं, तेव्हा धाकट्यानं एवढंच विचारलं होतं, "मग उद्यापासून सकाळचं ढवळायचं मी ना?" आणि तो सोळा वर्षं सकाळी उठला होता. त्याचं मोठेपण लोकांच्या लक्षात येत नसे, कारण त्याला कुंडाचा वास येई. हॅमोला आज ते सगळं एकदम दिसलं आणि स्वतःच्या स्वच्छ नखांची मनापासून लाज वाटली.

"झगा दे माझा," तो म्हणाला. "मंडळाचा."

"मीही येते."

*

रंगशाळेचं दार आतून अडसर लावून बंद होतं. ढकलल्यावर फटीतून दिसलं, की अडसर म्हणून लावलेलं लाकूड म्हणजे एका मोडलेल्या दांड्याचा अर्धा भाग होता. हॅमोनं तो ओळखला. बोटांच्या जागी झिजलेल्या खुणा त्याच्याच होत्या.

"ताई, उघड! घंटा व्हायला आली!"

"आम्ही कापड काढतोय! थांब!" आतून थर्स्टन ओरडला. मग अव्हिसनं धापा टाकत दार उघडलं आणि परत धावली. कुंडावर आडव्या दांड्यावर पंचवीस हात लोकरी कापड अर्धं वर, अर्धं आत लोंबकळत होतं. थर्स्टननं एक टोक खांद्यावर पेललं होतं. दुसरं टोक अव्हिसच्या हातात थरथरत होतं. असं अर्धवट राहिलं की कापडावर पट्टे उठतात आणि तीन दिवसांची मेहनत घोड्याच्या झुलीच्या भावानं जाते, हे या घरातल्या लेकरालाही सांगावं लागत नसे.

हॅमोचे हात आपोआप पुढं गेले.

"दादा, खबरदार!" थर्स्टन असा गरजला की हॅमो जागीच थिजला. "हात लावलास तर शपथ मोडली! शपथ मोडली की मंडळात नाहीस, आणि मंडळात नाहीस तर माझा जामीन कसा राहशील? त्यासाठीच आलायस ना?"

"त्यासाठीच आलोय! पण तुला कसं..."

"मंडळाचा झगा घालून कोणी कुंड बघायला येत नाही!"

अव्हिसचं मनगट वाकलं. दांडा कलला. आणि सिवल मुख्यांची मुलगी, जिनं जन्मात उंबऱ्याबाहेर बाही वर केली नव्हती, ती हॅमोला बाजूला सारून पुढं झाली, अव्हिसच्या हाताखालून दांड्याला खांदा दिला आणि किंचाळली, "आता काय करायचं? लवकर सांगा, मला वास सहन होत नाहीये!"

"उचल! पीळ! माझ्याकडे नाही, तिकडे पीळ! अगं बाई, ते कापड आहे, पावाची कणीक नाही!" अव्हिस ओरडत होती आणि ओरडता ओरडता हसत होती. हिरवट पिवळं पाणी हविसच्या कोपरांवरून झग्यात ओघळत होतं. हॅमो हात पाठीमागे बांधून उभा होता. सोळा वर्षांत शपथ पाळणं त्याला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

कापड दोरीवर पडलं आणि पहिली घंटा झाली.

चौघं धावत निघाली. बाजारात लोक बघत राहिले: पुढं मंडळाच्या झग्यातला हॅमो, मागं ओले हात झटकत थर्स्टन, त्याच्या मागं दोन बायका. चर्चच्या दारात बेलीफ टेबल मांडून बसला होता, कारकुनानं टाक कागदावर टेकवलाच होता, आणि सिवल त्याला मजकूर सांगत होते.

"थांबा," हॅमो म्हणाला. "थर्स्टन रंगाऱ्याला मी जामीन."

सिवलचा मध आटला. "जावईबापू, शुद्धीवर आहात ना?"

"तुमच्या दुर्दैवानं. बियर तिनं पिऊच दिली नाही."

सिवलनी मुलीकडे पाहिलं. हविसचे हात दारातल्या वाऱ्यावर पिवळ्याचे हिरवे आणि हिरव्याचे निळे होत होते. तिनं ते लपवले नाहीत. "बाबा," ती म्हणाली, "असं बघू नका. मी कुठं मंडळात आहे?"

बेलीफला घाई होती. "रीतीप्रमाणे हातात हात द्या."

हॅमोनं हातमोजा काढला. थर्स्टननं ओला हात आपल्या सदऱ्याला पुसायला घेतला, तो हॅमोनं मधेच धरला, घट्ट धरला, आणि बेलीफचे शब्द म्हणून होईपर्यंत सोडला नाही. कारकुनानं लिहिलं, वाळू टाकली, लाख ओतली. मोहोर उठली. मग हॅमोनं हात मोकळा केला. तळव्यावर, बोटांच्या पेरांत आणि नखांच्या कडांना ओलसर पिवळं लागलं होतं. बाकावरची सगळी मंडळी मान पुढं करून बघत असतानाच ते हिरवं झालं, आणि मग निळं.

"हे..." सिवल म्हणाले, "हे उद्या मंडळात धुऊन या."

"महिना लागतो, मामा," हॅमो म्हणाला. "तुम्हाला कसं ठाऊक असणार."

मागं उभ्या असलेल्या विणकरांत कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच.

*

सकाळी पुलापर्यंत अर्धं गाव सोडायला आलं होतं. फुल्कनं वाटेसाठी इतके पाव बांधून घेतले होते, की लंडनमध्ये दुष्काळ पडलाय असं वाटावं. हॅमोनं भावाला आपले मंडळाचे हातमोजे दिले, मऊ, पांढऱ्या कातड्याचे.

"घाल. सरदार असतील तिथं. नखं दिसणार नाहीत."

थर्स्टननं ते घातले, बोटं हलवून पाहिली. "थंडीसाठी घेतो, दादा. आत गेल्यावर काढीन."

"का?"

"मी ज्यांचा म्हणून चाललोय, त्यांची अशीच आहेत ना."

त्यानं भावाला घोड्यावर चढवलं, रिकीब नीट केली, आणि दोघं वळणाआड होईपर्यंत तो पुलावर उभा राहिला. अर्लचं काय होईल, राजाचं काय होईल, त्याला ठाऊक नव्हतं. पण आपल्या घरातला माणूस बोलावल्यावर गेला, एवढं आता कोणी पुसू शकणार नव्हतं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं.

मग तो घरी गेला नाही. रंगशाळेचं दार आज उघडंच होतं. अव्हिस एकटी शेगडीत लाकडं सारत होती.

"काय विसरलास?" तिनं मान वर न करता विचारलं.

"थर्स्टनचा दांडा कुठाय?"

अव्हिसनं आता मान वर केली. "मंडळातून काढतील तुला. तुझा बाक जाईल. बाबांनी किती हौसेनं..."

"जामीन लिहून झालाय, ताई. मोहोर उठलीय. आता मला काढलं तरी जामीन माझाच." त्यानं कुंडावरचं झाकण सरकवलं. वास आला. सोळा वर्षांनी इतक्या जवळून आला, आणि आश्चर्य म्हणजे त्याला तो वाईट वाटला नाही. "आणि तो परत येईल तेव्हा कुंड मेलेलं दिसायला नको."

अव्हिसनं डोळे बाहीला पुसले. गालावर निळा फराटा उठला.

"झगा काढ आधी," ती म्हणाली. "तो मंडळाचा आहे."

हॅमोनं झगा काढला, खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या आणि दांड्याचं दुसरं टोक धरलं.